गाळाखालचा सांधा

२०२२च्या फेब्रुवारीत माझ्या लाल गुलाबाला पांढरी फुलं आली. घोसच्या घोस, एकेक फूल रुपयाएवढं, साध्या पाच पाकळ्यांचं. पाण्याचा तांब्या हातात तसाच राहिला. कलम ग्लॅडिएटरचं होतं. पहिल्या वर्षी त्याची लालभडक फुलं मी गुरुवारी नरसोबाच्या वाडीला दत्ताला वाहिली होती.

आम्ही कुरुंदवाडचे. २०२१च्या जुलैत पुराचं पाणी परसात शिरलं, चार दिवस थांबलं आणि जाताना वीतभर गाळ ठेवून गेलं. गाळाची माती कसदार, हे लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून गुलाबाभोवतीचा गाळ मी काढला नाही, उलट हातानं सारखा केला. महिन्याभरात बुडातून दोन हिरव्यागार फांद्या तरारल्या. जुन्या फांद्या मात्र काळवंडत चालल्या. ऑक्टोबरच्या छाटणीत मी त्याच कापल्या. रोगट काढायचं, जोमदार ठेवायचं, एवढंच मला ठाऊक होतं. शेणखतही त्या नव्या फांद्यांनाच घातलं.

माती बदलली म्हणून रंग बदलला असेल, असं वाटलं. शेजारचे काका पॉलिहाऊसमध्ये गुलाबावर काम केलेले. त्यांनी फुलाकडे पाहिलंच नाही.

"वैनी, पान बघा."

एका देठावर सात-नऊ बारीक पानं, देठाच्या बुडाशी झालरीसारखे केस.

"ह्यो खुंट हाय. मुळं ह्याचीच. तुमचा गुलाब ह्याच्यावर बसवलेला."

मग त्यांनी डोळा भरणं समजावलं. रानगुलाबाच्या पेन्सिलीएवढ्या काडीच्या सालीला चीर द्यायची, तिच्यात चांगल्या गुलाबाचा डोळा सरकवायचा, पट्टी बांधायची. डोळा फुटला की खुंटाचा वरचा भाग छाटायचा. पुढे दोन्ही झाडं एका सांध्यावर जगतात, पण एक दुसऱ्यासारखं होत नाही. वरचं अशक्त झालं की खालचं उसळतं. नुसती पानं मोजून मात्र ठरवायचं नाही, काही कलमी गुलाबांनाही सात पानं येतात. फांदी सांध्याच्या वरून फुटली की खालून, ते बघायचं.

आणि माझा सांधा तर गाळाखाली होता. मीच हातानं गाडलेला.

खुरप्यानं हळूहळू उकरलं. गाठीसारखा फुगलेला सांधा लागला. पांढऱ्या फुलांच्या दोन्ही फांद्या त्याच्या खालून निघालेल्या. मी कात्री उचलली तशी काकांनी थांबवलं. कापलं की बुडाशी डोळे राहतात आणि पुन्हा फुटतात. फांदी खाली ओढून मुळापासून फाडून काढायची. पहिली निघाली तेव्हा ओली साल फाटल्याचा आवाज आला. इतके महिने जीव लावून वाढवलेली फांदी. फार वाईट वाटलं.

गाठीच्या वर माझ्या छाटणीतलं चार बोटांचं थोटूक उरलं होतं. काळं पडलेलं. काकांनी नखानं साल खरवडली. आत हिरवं होतं.

भोवतीचा गाळ त्याच संध्याकाळी घमेल्यानं काढला. पाडव्याच्या सुमारास थोटकावर तांबूस कोंब दिसला, गाठीच्या वरून.