मोकळ्या जागेचा वारस

कांहीं शत्रूंचें रूप इतकें सौम्य असतें, कीं त्यांच्यावर शस्त्र उचलतांना हात क्षणभर अडखळतो. गाजरगवत हें त्यांपैकींच एक. गाजरासारखीं नाजूक पानें आणि तांदळाच्या कण्यांसारखीं पांढरीं फुलें पाहून कोणा रसिकानें त्याला ‘चटकचांदणी’ असेंही नांव दिलें. पण ही चांदणी किती चटका देते, हें घरापुढें काळ्या मातीचें अंगण असलेल्या आम्हां बदनापुरकरांस विचारावें!

हें गवत मूळचें मेक्सिकोच्या आखाताभोंवतालचें. आपल्याकडे तें १९५५ च्या सुमारास पुण्यांत नजरेस आलें. परदेशी गव्हाबरोबर त्याचें बीं आलें, असें सामान्यतः मानतात. पुढें रस्त्यांच्या आणि लोहमार्गांच्या कडेकडेनें तें चोहोंकडे पसरलें. एका जोमदार झाडाला १५ ते २५ हजार बिया येतात. आमच्या गांवचें कृषि संशोधन केंद्र तुरीच्या वाणांसाठीं प्रसिद्ध. त्या वाणांच्या नांवांतील ‘बीडीएन’ हीं अक्षरें बदनापुराचींच. जेथें बीं निपजविण्याची विद्या नांदते, तेथेंच बीं निपजूं न देण्याची ही आमची खटपट!

या गवतानें अंगणापेक्षां मोठें कांहीं बळकावूं पाहिलें. आईचें वय सत्तरीपुढें. तुळस, शेवंती, गवती चहा आणि कुंपणावरचा वाल, एवढेंच तिचें राज्य. दोन पावसाळे तण उपटतां उपटतां तिच्या मनगटांची कातडी जाड होऊन भेगाळली. गवतांतील पार्थेनीन नांवाचें द्रव्य अनेकांस सोसत नाहीं. एकदां त्याचें वावडें जडलें, कीं थोड्याशा स्पर्शानेंही अंग पेटतें. डॉक्टरांनीं तिला अंगणांत उतरण्याची मनाई केली. ओसरीवर बसून आपली शेवंती दुरून न्याहाळणारी आई पाहिली, आणि ही निंदणी केवळ बागेसाठीं राहिली नाहीं.

हातमोजे घालून, फुलें येण्यापूर्वीं, ओल्या जमिनींतून मुळासकट उपटावें, हा नियम सर्वश्रुत आहे. तो मी पाळतों. १९८३ सालीं मेक्सिकोहून एक भुंगा आणून पुढील वर्षीं बेंगळुरूस सोडण्यांत आला. तो याचीं पानें फस्त करतो खरा. पण तो पावसाळ्यापुरता शिपाई. पाऊस सरला, कीं जमिनींत शिरून निजतो. गवताला मात्र ओल मिळाली, कीं कोणताही ऋतु चालतो. शेजारच्या मोकळ्या प्लॉटांतून येणाऱ्या बियांना कुंपणही अडवीत नाहीं. शिवाय उपटावें तसतशी जमीन उघडी पडते. आणि उघडी जमीन हेंच तर त्याचें माहेर!

तोड ओसरीवरूनच निघाली. “अरे, तरोटा टाक तिथं. कुणाला तरी नांदू दे,” आई म्हणाली. तरोटा, म्हणजेच टाकळा. आषाढांत ज्याची भाजी करावी आणि एरवीं ज्याला तण म्हणून हिणवावें, असा. तो दाट माजून गाजरगवताला दडपतो, हें शेतकीतज्ज्ञही सांगतात. पावसापूर्वीं कुंपणालगत आणि, धन्याच्या संमतीनें, त्या प्लॉटांतही आम्हीं त्याचें बीं फेकलें.

पूर्ण जय मिळाला, असें नाहीं. आईची बंदीही अद्याप उठलेली नाहीं. परंतु जागा रिकामी करणें ही अर्धीच निंदणी. तेथें कोणी नांदावें हें ठरविणें, ही उरलेली अर्धी. भाद्रपदांत तरोट्याच्या पिवळ्या फुलांमध्यें पांढरी चांदणी विरळच दिसली. तीं मोजण्याचें काम आईनें ओसरीवरून आपल्याकडे घेतलें आहे, आणि रोज सकाळीं ती मला बोटानें जागा दाखविते.