डिलिव्हरी: होय, पिकअप: नाही

पुण्यात मी ज्या सॉफ्टवेअरवर काम करतो, त्यात एक साधा तक्ता आहे. एकेका ओळीत एकेक पिनकोड आणि पुढे दोन रकाने. इथे पार्सल पोचवतो का? इथून पार्सल उचलतो का? मोठ्या शहरांच्या ओळींत दोन्हीकडे ‘होय’. आमच्या मालवणकडच्या, म्हणजे ४१६ने सुरू होणाऱ्या बऱ्याच ओळींत मात्र पहिलं ‘होय’ आणि दुसरं ‘नाही’. सरळ मराठीत सांगायचं तर, तुम्ही विकत घ्या, पण विकू नका.

आई आणि काकू घरी मालवणी मसाला आणि खाजा करून विकतात. गिऱ्हाईक डोंबिवली-लालबागचं, म्हणजे आपलंच. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येते, पैसे यूपीआयने. अडतं ते पार्सल. ऑनलाइन मागवलेला मिक्सर दारात येतो, पण तो आणणारा मुलगा जाताना खाजाचा खोका नेऊ शकत नाही. ‘येवक रस्तो गावता, मगे जावक कित्याक गावणा नाय?’ असं आईने मला विचारलं. याचं उत्तर शोधता शोधता मी पार्सलच्या इतिहासात शिरलो.

आपल्याकडे टपाल खात्याने व्ही.पी. सुरू केली १८७७ साली. पोस्टमनला पैसे द्यायचे आणि पाकीट सोडवून घ्यायचं. आजच्या कॅश ऑन डिलिव्हरीची ही पणजी. १८८० साली मनीऑर्डरही पोस्टाकडे आली आणि पुढे गिरणीतल्या चाकरमान्याच्या मनीऑर्डरवर कोकणातली कित्येक घरं चालली. जड सामान जायचं आगबोटीने. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी मालवणच्या समुद्रात उभ्या राहायच्या आणि माणसं, बोजे होडीतून किनाऱ्यावर यायचे. पावसाळ्यात हे सगळं बंद. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या बोटीने मुंबईचं सामान यायचं, त्याच बोटीने कोकणचं सामान परत जायचं. बोटीला परतायचंच असायचं.

पुढे हे काम एसटीने केलं. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ला, आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतात कविता आणि नाटकं लिहिणारे मराठी अधिकारी. पिनचे पहिले तीन आकडे टपालाची वर्गवारी कुठल्या जिल्ह्याखाली होते ते सांगतात. मालवणचा पिन ४१६६०६, कोल्हापूरचा ४१६००१. रत्नागिरी शहराचा मात्र ४१५ने सुरू होतो. सिंधुदुर्ग जिल्हा जन्मला १९८१ साली, पण त्याच्या नऊ वर्षं आधीच टपालाच्या हिशोबात मालवण घाटावरच्या कोल्हापूरशी जोडलं गेलं होतं.

खाजगी कुरियरचं जग सुरू झालं ते मुंबईत. ब्लू डार्ट १९८३ साली तुषार जानी, क्लाइड कूपर आणि खुश्रू दुबाश या तिघांनी काढली. अशा कंपन्यांचं गिऱ्हाईक म्हणजे बँका आणि कंपन्यांची ऑफिसं. त्यांना चेक, करारपत्रं दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर हवी असायची. मग ‘कॉसमॅट’ नावाची स्वतःची संगणकप्रणाली आली, १९९६मध्ये स्वतःची मालवाहू विमानं आली आणि २००४-०५मध्ये जर्मन मालकीच्या डीएचएलने कंपनीतला ८१ टक्के हिस्सा घेतला. हे जाळं विमानतळापासून खाली विणलं गेलं. जिथे कागद जास्त, तिथे ऑफिस आधी. हा धंद्याचा सरळ हिशोब होता, आणि त्या हिशोबात खाजाचा खोका कुठेच नव्हता.

ऑनलाइन खरेदी आली तशी दुसरी पिढी आली. २०११ साली गुरुग्राममध्ये निघालेली डेल्हिवरी सुरुवातीला आसपासच्या रेस्टॉरंटांचं जेवण आणि फुलं पोचवायची. नंतर ती ई-कॉमर्सकडे वळली आणि मे २०२२मध्ये शेअर बाजारात आली. या पिढीने गावागावांत डिलिव्हरी नेली, हे मान्य करायलाच हवं. पण त्यांचा माल निघतो भिवंडीसारख्या गोदामांतून आणि उतरतो आपल्या पडवीत. एकाच गोदामात हजारो पार्सलं एका फेरीत उचलता येतात. आमच्या वाडीत दोन खोक्यांसाठी माणूस पाठवला, तर पेट्रोलही सुटत नाही. म्हणून गाडी येते भरून आणि जाते रिकामी. आंब्याचा सीझन सोडला, तर वर्षभर हेच.

त्यात वजनाचा एक खास हिशोब असतो. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, गुणायची, ५०००ने भागायचं. येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल, तर पैसे त्याचे. ४० बाय ३० बाय २५चा खोका म्हणजे सहा किलो, आत तीनच किलो खाजा असला तरी. मसाला वाचतो, खाजा मार खातो. हे आईला समजावलं, तेव्हा ती म्हणाली, ‘म्हणजे हवेचे पैसे?’ हो, हवेचेच. गाडीत जागा अडते, एवढंच कारण.

मग उत्तर काय? मे २०२०मध्ये लॉकडाऊनमुळे एसटीची चाकं थांबली, तेव्हा महामंडळाने मालवाहतूक सुरू केली. सुरुवातीच्या खेपांत कोकणातला आंबा होता. पुढे तिला ‘महाकार्गो’ हे नाव मिळालं. गरज पडली की परतीची वाट काढता येते, हे त्यातून दिसलं. आणि दुसरं उत्तर आमच्या गावातच होतं. देशात पोस्टाची सुमारे १ लाख ६४ हजार कार्यालयं आहेत आणि दहातली नऊ खेड्यांत. तिथे पोचवणं आणि स्वीकारणं, दोन्ही कामं एकाच खिडकीत होतात. ती नफ्याचा हिशोब करून उघडली असती, तर आमच्याकडे उघडलीच नसती.

सध्या मसाला पोस्टाने जातो. खाजासाठी चुलतभाऊ आजूबाजूच्या चार वाड्यांतल्या बायकांचा माल एकत्र करतो. कोणाचं कोकम, कोणाचे आंबोशीचे पुडे, कोणाचे कुळीथ. खोके तीसेक झाले की टेम्पोने कुडाळला नेतो. तिथल्या कुरियरवाल्याने पहिल्यांदा दर कमी केला तो माल बघून, ओळखीने नाही.

कंपनी वाढली की ती किती पिनकोडवर पोचते, त्याची जाहिरात होते. किती पिनकोडवरून उचलते, हा आकडा मला कुठल्याच जाहिरातीत दिसलेला नाही. मालवणकडच्या पोरांना गावात राहून काही करायचं असेल, तर त्यांचं पोट या दुसऱ्या आकड्यावर आहे. पुढच्या वेळी एखादं पार्सल दारात आलं, की आणणाऱ्याला एकदा विचारून बघा, परत जाताना गाडीत काय असतं.