तलवारीचं तारण

वीस वर्षं बँकेत काढल्यामुळे तारणाशिवाय कुणाला काही द्यायचं नाही, हे माझ्या अंगात भिनलं आहे. त्यामुळे शिवजयंतीची मिरवणूक पाहून आलेल्या आमच्या आठ वर्षांच्या चिरंजीवांनी "बाबा, मला तलवार पाहिजे" असा अर्ज केला, तेव्हा मी तो रीतसर 'विचाराधीन' ठेवला. पण बँकेतला अर्जदार पाच वाजता घरी जातो. हा अर्जदार घरीच राहतो!

शेवटी नागभीडच्या आठवडी बाजारातून प्लॅस्टिकची तलवार आणली. धार नाही, टोक नाही. म्हणजे जोखीम शून्य. दुसऱ्याच दिवशी ती खाटेच्या पायावर आपटून मोडली आणि मोडक्या कडेनं माझीच पोटरी ओरबाडली.

मग बांबूची करावी म्हणून बुरडाकडे गेलो. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे बांबूला काय तोटा! तो हसून म्हणाला, "साहेब, बांबूची चिरलेली साल म्हणजे पातंच हाय जी. पहिले सुईणी यानंच नाळ कापत." मी हात खिशात घातले.

आखाड्यात उमेद घालवलेल्या एका म्हाताऱ्या शेजाऱ्यांनी मात्र सांगितलं, की जुन्या लोकांनी हा प्रश्न कधीच सोडवलाय: फरी-गदका. गदका म्हणजे चामडं मढवलेली काठी, फरी म्हणजे छोटी ढाल. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९३६ साली ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आलं, हेही त्यांनी ऐकवलं. "पण गदकाही लगेच नाही. आधी पवित्रा. पाय कुठं ठेवायचा ते आलं, की मग हात."

पंधरा दिवस चिरंजीव अंगणात नुसते पाय टाकत होते. मी निश्चिंत! आणि एका संध्याकाळी घरी येतो, तर स्वयंपाकघरात पाटावर बसून आमचं रत्न खऱ्याखुऱ्या चाकूनं काकडी चिरतंय!

"अगं, बोट कापेल त्याचं!"

"कापलं तर थोडं कापेल," सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या. "बोथट चाकू जास्त वाईट. जोर लावावा लागतो, मग तो निसटतो. हा लहान आहे, धारेचा आहे, आणि मी शेजारी बसलेय."

शेजारी बसणं! हे तारण माझ्या यादीत नव्हतंच.

लहानपणी आईनं माझ्या हातातला चाकू काढून घेतला होता. मायेनंच. तो मला अजून परत मिळालेला नाही. पंचेचाळिशीतही आंबा दुसऱ्या कुणीतरी चिरून द्यावा लागतो. हे मी बोललो नाही, पण चेहऱ्यावर उमटलं असावं. चिरंजीवांनी सरकून जागा केली आणि चाकूची मूठ माझ्याकडे केली.

"बाबा, बोटं अशी आत दुमडा. आणि आधी नीट बसा. पवित्रा!"

माझे काप एका मापाचे झाले नाहीत. पण काकडी खर्ची पडली, बोटं दहाची दहा शिल्लक. त्या दिवसाची कीर्द पहिल्या फटक्यात जुळली.