पायाची काटकसर

आजोबांची पद्मिनी मोटार १९७८ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली. ती फार पेट्रोल पिते, हे मात्र त्यांना मान्य नव्हते. ‘‘पेट्रोल गाडी पीत नाही, हाकणाऱ्याचा पाय पितो,’’ असे ते म्हणत. निघण्यापूर्वी ते टायरांतील हवा तपासत व डिकीतील निरुपयोगी ओझे उतरवून ठेवत. मोकळ्या रस्त्यावरही ताशी ५० किलोमीटरांचा संथ वेग ते ढळू देत नसत. दूरवर लाल दिवा दिसताच त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवरून अलगद उठे. ब्रेक दाबला, की वेगासाठी जाळलेले पेट्रोल उष्णता होऊन वाया जाते, हे ते जाणून होते.

एकदा चिपळूणला जाताना कुंभार्लीचा घाट लागला. नातू म्हणाला, ‘‘आजोबा, इंजिन बंद करा ना! फुकटात खाली जाऊ.’’

आजोबांनी उलट खालचा गिअर टाकला. ‘‘बाळ, उतारावर इंजिनच गाडीला आवरून धरते. ते बंद केले, तर सारा भार ब्रेकवर पडतो आणि तापलेले ब्रेक दगा देतात. थेंब वाचवावेत खरे. पण त्यासाठी प्राण पणाला कशाला लावावेत?’’

नातू विचारात पडला. कोठे वाचवावे आणि कोठे खर्चावे, हे ज्याला उमगले, त्यालाच खरी काटकसर साधली!