न उघडता

नारळ घेताना बायका तो कानाशी नेऊन हलवतात, कलिंगडावर टिचकी मारून आवाज ऐकतात, आणि घरी पत्र आले की ते फोडण्यापूर्वी पाकिटावरचे अक्षर आणि टपालाचा शिक्का न्याहाळून घेतात. वस्तू न उघडता तिच्याविषयी चार गोष्टी जाणून घ्यायची ही हौस माणसाच्या अंगी चांगलीच मुरलेली आहे. त्यामुळे 'सी' ही संगणकाची भाषा शिकताना 'स्टॅट' नावाच्या फंक्शनाशी गाठ पडली, तेव्हा मला जुना स्नेही भेटल्यासारखे वाटले.

हे स्टॅट करते तरी काय? त्याच्या हाती फाइलीचे नाव द्यायचे आणि सोबत एक कोरा तक्ता द्यायचा. फाइलीतले एक अक्षरही न वाचता ते तक्ता भरून देते. फाइल किती बाइटांची, मालक कोण, ती कोणी वाचावी, कोणी तिच्यात लिहावे, तिला नावे किती, सारे काही त्यात येते. काम साधले तर उत्तर मिळते शून्य, फसले तर उणे एक. उभ्या जन्मात शून्याचा धाक घालत आलेल्या माझ्यासारख्या मास्तराला शून्य म्हणजे यश हे पचवायला थोडा वेळ लागला!

शेतकऱ्याच्या घरी सातबाराचा उतारा असतो ना, तसाच हा प्रकार. उताऱ्यावर मातीचा वास येत नाही. पण जमीन कोणाची, किती, तिच्यावर बोजा काय, हे कळते. गट क्रमांकासारखा प्रत्येक फाइलीला एक आयनोड क्रमांक असतो, आणि सारी माहिती त्या आयनोडात असते. गंमत अशी, की फाइलीचे नाव मात्र तिथे नसते. ते असते डिरेक्टरीत. एकाच माणसाला घरात अण्णा, शाळेत गुरुजी आणि गावात मास्तर म्हणावे, तशी एकाच फाइलीला अनेक नावे असू शकतात. आयनोड फक्त ती किती, एवढेच मोजतो.

ही व्यवस्था काही कालची नव्हे. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये केन टॉमसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली युनिक्सची उभारणी सुरू केली. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेल्या युनिक्सच्या पहिल्या मार्गदर्शिकेतच स्टॅट आहे. पन्नास वर्षांत संगणक खोलीएवढे होते ते खिशात मावू लागले. स्टॅट आपले काम करतेच आहे.

तक्त्यातला मला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे तीन वेळा. फाइल शेवटची वाचली केव्हा, तिच्यातला मजकूर शेवटचा बदलला केव्हा, आणि तिची नोंद शेवटची बदलली केव्हा. ही तिसरी वेळ पुष्कळांना जन्मवेळ वाटते. पण ती तशी नव्हे. मजकुराला धक्का न लावता नुसता मालक बदलला, तरी ती बदलते. जमीन जागच्या जागी असते, फेरफार मात्र नोंदला जातो. या वेळा १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांत असतात. त्यांची तारीख आपण करून घ्यायची.

आमचे अण्णा २०२१ च्या ऑगस्टात गेले. शेवटची दोन वर्षे ते घरच्या संगणकावर मराठीत काहीतरी लिहीत असत. कोणी जवळ गेले की हात थांबे. ते गेल्यावर दिवाळी उलटली, आणि एका रात्री मी त्या फाइलीवर माझा सहा-सात ओळींचा प्रोग्राम चालवला. आकार ४१,२८० बाइट. देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे वहीची दहा-बारा पाने सहज भरतील एवढा मजकूर. परवानगी ६००, वाचणे-लिहिणे केवळ मालकाला. मजकूर शेवटचा बदलला १४ जूनला. इथवर सारे अपेक्षेप्रमाणे होते. पण शेवटचे वाचन होते ऑक्टोबरातले, पहाटे चार वाजून दहा मिनिटांचे.

अण्णा जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

कोणी वाचली, हे स्टॅट सांगत नाही. त्या तक्त्यात मालकाला रकाना आहे, वाचकाला नाही. पण अण्णांच्या नावाने आत शिरायचा परवलीचा शब्द घरात दोघांनाच ठाऊक होता, आणि पहाटे चारला उठणारे माणूसही आमच्या घरी एकच. नातवंडांचे फोटो पाहण्यापुरता संगणक शिकलेली माझी आई!

यंत्राची सर्वाधिकाराची किल्ली माझ्याजवळ होती. तिच्यापुढे ६०० चे कुलूप टिकत नाही. मी ती वापरली नाही. मात्र आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा तो तक्ता पाहू लागलो. मजकुराची तारीख १४ जूनच राही. वाचनाची तेवढी पुढे सरकलेली असे. आजचे लिनक्स प्रत्येक वाचन टिपत नाही; मागच्या नोंदीला दिवस उलटला असेल तरच नवी करते. माझ्या कामाला तेवढे पुरेसे होते. आईच्या मनाची नाडी मला दुरून लागत होती.

पुढे मनात आले, पाकीट न फोडताही पत्र चोरून पाहता येते की! ज्याला कुलूप घालता येत नाही, अशा बाहेरच्या खुणांवरूनच माणसाचे सर्वांत खाजगी असे काही उघडे पडते. स्टॅटला फाइल वाचायची परवानगी लागत नाही. वाटेतल्या डिरेक्टऱ्यांतून जायला मिळाले की झाले. एका घरात राहणाऱ्या माणसांना ती वाट आयतीच मोकळी असते. म्हणूनच तिच्यावरून जपून चालायचे. तेव्हापासून मी तो प्रोग्राम चालवला नाही.

पुढच्या वर्षी दिवाळीत अनारसे तळता तळता आई आपण होऊनच म्हणाली, "अण्णांनी लिहिलेलं मी वाचते हो अधूनमधून."

"कसं आहे?" मी विचारले.

"त्यांच्यासारखंच. अर्ध्यात थांबलेलं." आणि थोड्या वेळाने, "तुला वाचायचं असलं तर सांग. मी उघडून देईन."

मी अजून सांगितलेले नाही. घाई कशाला? युनिक्सचा एक नियम मला फार धीर देतो. फाइलीची सारी नावे पुसली, मोजणी शून्यावर आली, तरी ती लगेच नाहीशी होत नाही. कोणीतरी ती उघडून बसलेले असेल, तोवर तिच्यातले अक्षर न् अक्षर जागच्या जागी राहते. रेशनकार्डावरून, पेन्शनच्या यादीवरून अण्णांचे नाव केव्हाच कमी झाले. पण आमच्या घरात पहाटे चारला कोणीतरी त्यांना उघडून बसते.