परसातला नरवेल

हरमल, पेडणे
श्रावण

चि. बाय,

आत्ये तिन्हीसांजेला परसात फुलाला फूल का लावते, असे तू फोनवर विचारलेस आणि तेवढ्यात नेट गेले. म्हणून लिहिते.

तो फागल्याचा वेल. घाटावर त्याला कर्टोली म्हणतात. तुझ्या आजोबांनी कंद डोंगरावरून आणून विहिरीकडे लावला होता. पाऊस लागला की तो फुटतो, श्रावणात फळे देतो, थंडीपर्यंत वेल वाळतो. कंद मात्र जमिनीत जिवंत राहतो. याच्यात नर वेगळा, मादी वेगळी, आणि फूल येईपर्यंत ओळखता येत नाही. पिवळ्या फुलाखाली इवलेसे काटेरी फळ दिसले तर मादी. आपला मादी निघाला. नर शेजारच्या कुंपणावर होता. फुले संध्याकाळी उमलतात आणि रात्रीचे पतंग इकडचे पराग तिकडे नेतात. म्हणजे आपण इतकी वर्षे खाल्लेल्या फागलांत शेजारच्या वेलाचा वाटा होता. आजी पहिला तोडा त्यांच्याकडे पाठवायची तो याच हिशेबाने, आणि मला तो हिशेब फार खरा वाटतो.

पुढे त्यांची जागा विकली गेली, तिथे गेस्ट हाऊस व्हायचे ठरले. जेसीबी येण्याआधी मी नराचा कंद मागून आणला आणि विहिरीकडच्या आपल्या मांडवाकडे पुरला. यंदा त्याला फुले आली, पण थोडी. पतंगांच्या भरवशावर ती सोडवेनात. म्हणून नराचे ताजे फूल खुडते, पाकळ्या मागे सारते, पराग मादीच्या फुलात टेकवते. लागले तर खालचे फळ फुगते, नाहीतर पिवळे पडून गळते.

बी लावून बघू, असे तुझा बाबा म्हणतो. बियांचे कवच कठीण, उगवायला वेळ फार, आणि निम्मी रोपे नर. कंदच बरा. एका नरावर आठ-दहा माद्या भागतात, पण तो एक लागतोच; म्हणून फळ देत नाही तो वेल उपटा, असे कोणी म्हटले तर ऐकायचे नाही.

बाजारात फागलां येतात ती डोंगरावरून, आणि त्या रानजागा कमी होत आहेत. तू उतरतेस त्या मोपाच्या सड्यावर २०२३ पासून विमाने येतात. गावागावांत डोंगरउतारही कापले जात आहेत. म्हणून फागलां परसात असायलाच हवीत. काल त्यांना रवा आणि हरमलची मिरची लावून कापे केली.

नाताळात येशील तेव्हा मांडव रिकामा दिसेल. बाबाला तिथे खणू देऊ नकोस, दोन्ही कंद खाली आहेत.

तुझी,
आत्ये