डब्यातला खाज्या नाईक

दिवाळीत पोरे अंगणात मातीचा किल्ला करतात, त्यावर मावळे मांडतात, आणि तुळशीचे लग्न लागले की किल्ला मोडतात. शाबूत मावळे पुढच्या वर्षासाठी टोपलीत जातात. ज्यांचा हात तुटला, नाक उडाले, ते मातीबरोबर उकिरड्यावर. माझा सगळा संग्रह या दुसऱ्या प्रकारचा आहे.

आम्ही धुळ्याला होतो तेव्हा माय चार घरची धुणीभांडी करायची. एका घरी "टाकून दे" म्हणून दिलेले सात मावळे तिने टाकले नाहीत, पदरात बांधून आणले. मी तेव्हा तिसरीत होतो. आज ही फौज ६३ जणांची आहे आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या बनियनच्या चिंध्यांत गुंडाळलेली असते. पुढे नानांना (वडिलांना आम्ही नाना म्हणतो) जळगावला एका डाळमिलमध्ये रात्रीच्या रखवालदाराचे काम मिळाले, तेव्हा पारोळा-एरंडोलमार्गे एस.टी.चे सगळे धक्के खात हा डबा मी मांडीवर घेऊन आलो. सामानातली लोणच्याची बरणी फुटली. मावळे सुखरूप पोचले.

हा उद्योग मी कॉलेजात कोणाला सांगितला नव्हता. एकोणीस वर्षांचा घोडा बाहुल्या रंगवतो म्हटल्यावर मित्रमंडळी काय करतील, हे वाचकांना सांगायला नको. पण काम वाटते तितके पोरकट नाही. प्लास्टरच्या मावळ्याचा जुना रंग आधी घासून काढावा लागतो, तोही बेताने. पॉलिश पेपर जरा जोरात फिरला तर मिशीच जाते. साचा दोन पाखांचा असतो, त्यामुळे अंगाच्या दोन्ही बाजूंनी शिवण उमटते, ती ब्लेडने तासायची. तुटलेल्या हातात तार घालून एम-सीलचा नवा हात बसवायचा. मग पांढऱ्याचा हात, मग रंग. डोळे अगदी शेवटी, सुईच्या टोकाने. तेथे श्वास चुकला की माणूस जन्माचा तिरळा.

सर्वांत अवघड असतो कातडीचा रंग. बाजारातले मावळे सारे गुलाबी. रंगाच्या पेटीतही 'स्किन' नावाची एक कांडी मिळते, ती आमच्या घरात कोणाच्याच अंगाशी जुळत नाही. मी तपकिरीत थोडा पिवळा आणि किंचित काळा मिसळतो, आणि तो आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघतो.

आमचे मूळ गाव शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. आम्ही भिल्ल. आजीच्या गोष्टींत राजे फारसे नसत. खाज्या नाईक असे, भीमा नाईक असे, आणि कधी पलीकडच्या निमाडातला तंट्या मामा. सावकाराला लुटणारा आणि गरिबाच्या पोरीचे लग्न लावून देणारा. इंग्लंडात रॉबिन हूड आणि त्याचे सोबती बोटभर उंचीचे, धातूत ओतलेले मिळतात आणि चांगली मोठी माणसे ते रंगवत बसतात, हे कळले तेव्हा मला आधी धीर आला, मग थोडा मत्सर वाटला. तंट्यालाही १८८९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राने हिंदुस्थानचा रॉबिन हूड म्हटले होते. फरक एवढाच, की रॉबिन हूडला गोष्टीत राजा माफ करतो. तंट्याला त्याच वर्षी ४ डिसेंबरला जबलपूरला फाशी दिले. त्याची बाहुली मात्र आमच्या बाजारात कोणी विकत नाही. म्हणून मी मावळ्यांच्या हातातली तलवार काढून केरसुणीच्या काडीचे धनुष्य देऊ लागलो. अशी बावीस माणसे तयार झाली.

गेल्या वर्षी इतिहासाच्या सरांनी खानदेश गॅझेटिअरचा १८८० चा खंड दाखवला. शब्दकोश मांडीवर घेऊन मी खाज्या नाईक शोधला आणि चकित झालो. आजीच्या गोष्टीत हा भाग नव्हता. खाज्या आधी सरकारचाच माणूस होता! मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या सेंधव्याच्या घाटात तो पोलीस जमादार होता. रस्ता राखणे हे त्याचे काम. एका माणसाला मरेपर्यंत मारल्याबद्दल त्याला शिक्षा झाली. तो सुटून आला आणि १८५७ मध्ये उठला, तेव्हा इंदूरकडून येणारा सुमारे सात लाखांचा खजिना लुटला गेला तो त्याच रस्त्यावर. ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीची लढाई झाली, आणि त्यानंतर दोन वर्षांनी दगा करून त्याला मारले. भिल्लांना आवरायला भिल्लांचीच पलटण उभारायची, ही युक्ती तर इंग्रजांनी १८२५ मध्येच केली होती. औट्रॅमने ती उभारली, आणि तिचे ठाणे आमच्या जळगावजवळच्या धरणगावी होते.

डब्यात एकाच साच्यातले दोन बंदूकवाले शिपाई होते. एकाला मी मुंडासे आणि धोतर देऊन बंडवाला केले. दुसऱ्याला, इतिहास बाजूला ठेवून, नानांची खाकी दिली. बंदूक तीच, रोवलेले पाय तेच, चेहराही तोच.

श्रावणात मिलमधून तूरडाळीची नऊ पोती गेली. पहिली चौकशी नानांची झाली. दोन दिवस बसवून ठेवले. आडनाव विचारले, गाव विचारले, मग पुन्हा आडनाव. तिसऱ्या दिवशी कळले की पोती दिवसपाळीला ट्रकमधूनच गेली होती. त्यावर नानांना कोणी काही बोलले नाही. म्हणजे, चूक झाली असेही बोलले नाही. संध्याकाळी नाना रोजच्यासारखी खाकी चढवू लागले. मी म्हणालो, "सोडा ही नोकरी." पट्टा आवळीत ते म्हणाले, "आनि तुनी फी?"

त्या रात्री मी जमादार घासायला घेतला. दोघेही बंडवाले करायचे, एवढेच डोक्यात होते. छातीपर्यंत खाकी उतरली आणि केव्हातरी झोप लागली.

सकाळी नाना कामावरून येऊन माझ्या टेबलाशी उभे होते. "हाऊ कोन शे?" मी सांगितले. दोन्ही बाहुल्या हातात घेऊन त्यांनी पूर्ण हकीकत ऐकली. घाटाची, जमादारीची, तुरुंगाची. मग अर्धवट सोललेल्या जमादारावर बोट ठेवून म्हणाले, "येना बक्कल कोठे गया?"

बक्कल मी कधी दिलेच नव्हते. नानांनी कमरेचा पट्टा सोडून पुढ्यात ठेवला. मी पुन्हा खाकी दिली, आणि चहाच्या पुड्याच्या चांदीचा तांदळाएवढा चौकोन कापून बक्कल बसवले. ते तासभर बसून बघत होते. रात्रपाळी करून आलेला माणूस, एरवी जेवताना डुलक्या घेतो.

दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर जमादार जागेवर होता, बंडवाला नव्हता. तो आता मिलच्या फाटकावरच्या खोलीत, टॉर्चशेजारी उभा असतो. कोणी विचारले तर नाना सांगतात, मावळा आहे.